हृदयाचा ताल बिघडलेला असताना बाळंतपण: सिस्टरच्या हातात काय असतं

गरोदर बाईने ओपीडीत "सिस्टर, छातीत फार धडधडतं हो," असं सांगितलं की बहुतेक वेळा तिला उत्तर मिळतं, "या दिवसांत होतं असं, घाबरू नका." उत्तर चुकीचं नाही. पोटात बाळ वाढत असताना हृदयाला खरोखरच जास्त काम पडतं आणि बहुतेक जणींच्या धडधडीमागे आजार निघत नाही. पण हे उत्तर नाडी न बघता दिलं, तर ज्या थोड्या जणींना खरोखर हृदयाच्या तालाचा आजार आहे, त्याही तेच उत्तर घेऊन घरी जातात. नाडीवर एक मिनिट बोटं ठेवायला पैसे पडत नाहीत आणि यंत्रही लागत नाही.

तालाच्या आजाराची मोठी अडचण म्हणजे तो येतो आणि जातो. केसपेपर काढून, रांगेत बसून बाई डॉक्टरांसमोर पोचते तेव्हा ठोके अगदी सुरळीत पडत असतात. ईसीजी काढला तर तोही स्वच्छ. धडधडीचा झटका येतो तो दादर स्टेशनचा पूल चढताना, वॉर्डात पहाटे तीनला, किंवा कळा सुरू झाल्यावर. त्या वेळी तिच्याजवळ असतात नवरा, सासूबाई, शेजारीण, आणि हॉस्पिटलात असेल तर सिस्टर. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि त्यांना पहिल्याच आठवड्यात हे सांगते की अशा बाईचं बाळंतपण सुखरूप होणं जितकं हृदयरोगतज्ज्ञांच्या औषधांवर अवलंबून आहे, तितकंच तिच्याजवळ बसणाऱ्या प्रसविकेच्या लक्षावर आहे.

प्रसविका म्हणजे मिडवाइफ. आपल्याकडे हे काम जनरल नर्सिंग किंवा एएनएम झालेल्या सिस्टर करत आल्या आहेत. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नर्सेससाठी १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण आखलं. त्यात अशा प्रशिक्षित प्रसविकेने स्वतःच्या जबाबदारीवर करायचं बाळंतपण हे धोका नसलेल्या बाईचं आहे. त्यावरून काही जणांचा समज होतो की हृदयाचा आजार निघाला की प्रसविकेचं काम संपलं, आता सगळं मोठ्या डॉक्टरांकडे. मला हा समज धोक्याचा वाटतो. अशी बाई एकट्या प्रसविकेने सांभाळायची नसते हे खरं, पण तिला प्रसविकेची गरज इतर बायकांपेक्षा जास्तच असते.

हृदयावर भार किती येतो

दिवस गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच शरीर बदलायला लागतं. अंगातलं रक्त हळूहळू ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदय दर मिनिटाला एरवीपेक्षा ३० ते ५० टक्के जास्त रक्त पुढे ढकलतं. नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढते, म्हणजे जिची ७५ असायची तिची ९० लागली तर नवल नाही. सातव्या-आठव्या महिन्यात हा भार जवळजवळ शिखरावर असतो. रक्त वाढतं पण तांबड्या पेशी त्या मानाने वाढत नाहीत, त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं उतरतं, आणि आपल्याकडे कितीतरी बायकांचं ते गरोदर राहण्याआधीच कमी असतं. ११ च्या खाली गेलं की गरोदर बाईला ॲनिमिया म्हणतात आणि ७ च्या खाली गेलं की तो गंभीर. रक्त पातळ झालं की हृदय तेवढाच प्राणवायू पोचवायला आणखी जोरात पळतं. धडधडीचं हे सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत जास्त दिसणारं कारण. दुसरं कारण थायरॉइड. म्हणून धडधडीची तक्रार आली की ईसीजीबरोबर हिमोग्लोबिन आणि टीएसएच बघायचंच.

आता ताल. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. प्रत्येक ठोक्याचा विजेचा इशारा तिथून निघतो, वरचे कप्पे आकुंचन पावतात, मधल्या गाठीपाशी इशारा क्षणभर थबकतो आणि मग खालच्या मोठ्या कप्प्यांत उतरतो. ढोलपथकात ताशाने इशारा दिला की सगळे ढोल एकदम पडतात, तसं हे चालतं. एखाद्याने मध्येच एक टोला जास्तीचा मारला तर कानाला खटकतं, पण मिरवणूक पुढे जात राहते. दोन ताशे वेगवेगळ्या लयीत वाजायला लागले तर मात्र अख्खं पथक भरकटतं.

धडधड धडधडीत फरक

जास्तीचा टोला म्हणजे मधूनच पडणारा अवेळी ठोका. बायका त्याचं वर्णन "ठोका चुकला", "काळजात गचकन झालं" असं करतात. गरोदरपणात हे फार जणींना होतं. हृदयाची रचना चांगली असेल, चक्कर किंवा बेशुद्धी नसेल, तर त्याला औषध लागत नाही. झोप, पाणी, चहा-कॉफी कमी करणं एवढ्याने बऱ्याच जणींना आराम पडतो. दिवसातून सहा-सात कप चहा घेणारी बाई आपल्याकडे सहज सापडते आणि चहा तिच्या हिशेबात धरलेलाच नसतो.

दुसरा प्रकार वेगळा ओळखू येतो. बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होते, नाडी १५० ते २२० च्या घरात जाते आणि काही मिनिटांनी किंवा तासांनी तितकीच एकाएकी थांबते. मानेत फडफड होते, घाम येतो, अंधारी येते. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेला एक जादा वाट सापडलेली असते आणि इशारा त्या वाटेने गोल गोल फिरत राहतो. हॉस्पिटलात याला एसव्हीटी म्हणतात. जिला आधीपासून हा त्रास आहे, तिचे झटके गरोदरपणात वाढू शकतात. हा झटका थांबवायची पहिली युक्ती औषधाशिवायची आहे. १० मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोर लावून फुंकायचं आणि लगेच आडवं होऊन पाय वर उचलून धरायचे. पोट मोठं असेल तर अंग डाव्या कुशीकडे कलतं ठेवायचं. ही युक्ती डॉक्टरांनी एकदा समोर करवून घेतल्यावरच घरी करायची. घरी कोणी मान दाबू नये की डोळे दाबू नयेत, तसं करण्यात इजा आहे.

युक्ती चालली नाही तर हॉस्पिटलात शिरेतून ॲडिनोसिन देतात. ते काही सेकंदांतच रक्तातून नाहीसं होतं, त्यामुळे गरोदरपणात त्याचा वापर सुरक्षित मानला जातो. पण त्या काही सेकंदांत बाईची छाती आवळते आणि आपण मरतोय असं तिला खरंच वाटतं. इथे सिस्टरचं एक वाक्य फार मोलाचं आहे: "ताई, आता काही क्षण खूप विचित्र वाटेल, मग लगेच बरं वाटेल, मी इथेच आहे." हे आधी न सांगता इंजेक्शन दिलेल्या बाईला पुढे हॉस्पिटलचीच धास्ती बसते आणि पुढचा झटका ती घरीच सोसते. औषधाने भागलं नाही, किंवा रक्तदाब कोसळत असेल, तर विजेचा झटका देऊन ताल पूर्ववत करतात. गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात तो देता येतो. बाळापर्यंत पोचणारी वीज अगदी थोडी असते. तरी झटक्याच्या आधी आणि नंतर बाळाचे ठोके बघतात.

तिसरा प्रकार आपल्या देशात विशेष जपण्याचा. लहानपणी घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले, आणि त्या संधिवाताच्या तापाने हृदयाची डावीकडची झडप हळूहळू आवळत गेली. बाईला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. मग दिवस जातात, रक्त वाढतं, ठोके वाढतात, आणि अरुंद झडपेतून रक्त पुढे सरकायला वेळच पुरत नाही. ते फुफ्फुसात तुंबतं. वरचा कप्पा ताणला जाऊन नुसता थरथरायला लागला, म्हणजे नाडी पूर्ण वेडीवाकडी झाली, तर तिची प्रकृती तासाभरात ढासळू शकते. "तीन जिने चढायची, आता एका जिन्याला दम लागतो", "आडवं झालं की गुदमरतं, तीन उशा लागतात", "रात्री खोकल्याने उठून बसावं लागतं": या तीन वाक्यांपैकी एकही कानावर आलं तर त्याच दिवशी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला पाहिजे. लिफ्ट नसलेल्या चाळीत राहणाऱ्या बाईला हा प्रश्न जिन्यांच्या भाषेत विचारला की खरं उत्तर मिळतं. "दम लागतो का?" याला सगळ्याच "थोडाफार" म्हणतात. ज्यांना संधिवाताच्या तापासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे, त्यांनी ते गरोदरपणातही चालू ठेवायचं असतं. बाळाला त्याचा अपाय नाही.

चौथा प्रकार दुर्मिळ आहे, पण प्रसविकेला तो माहीत असलाच पाहिजे. लाँग क्यूटी. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ यात लांबलेला असतो आणि बहुधा हा दोष जन्मापासूनचा, घराण्यात चालत आलेला असतो. बाई एरवी ठणठणीत असते. एखाद्या दिवशी अचानक कोसळते, हातपाय झटकते, मिनिटाभरात शुद्धीवर येते. लोक म्हणतात फिट आली. कित्येकांना वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू असतात आणि ईसीजी कोणी काढलेलाच नसतो. याच्या एका प्रकारात एकदम झालेला मोठा आवाज झटका आणतो. उशाशी ठेवलेला गजर, मध्यरात्री वाजलेला फोन, दिवाळीतला सुतळी बॉम्ब. म्हणून "कधी बेशुद्ध पडलात का?" याच्या पुढचा प्रश्न "काय करत असताना?" हा विचारायचा, आणि त्याच्या पुढचा "घरात कोणी तरुण वयात झोपेत किंवा अचानक गेलं का?"

ठोके फार मंद पडणं, त्यासाठी पेसमेकर बसवलेला असणं, हेही असतं. पेसमेकर असलेल्या बायका बहुतेकदा व्यवस्थित बाळंत होतात. सिझर करताना रक्तस्राव थांबवायला विजेचं उपकरण वापरतात, त्याआधी पेसमेकरची कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं कार्ड थिएटरमध्ये हजर असलं म्हणजे बरंचसं काम झालं.

नाडी, कागद आणि औषधं

पहिल्या भेटीत सिस्टरने मनगटावरची नाडी पूर्ण ६० सेकंद मोजावी. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की वेडावाकडा ताल हातून निसटतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ठोक्यांचा आकडा दाखवतं, पण ठोके नियमित आहेत का ते सांगत नाही. नाडी १२० च्या वर टिकून राहिली, श्वास मिनिटाला ३० च्या वर गेले, बाई बेशुद्ध पडली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर पुढची तारीख द्यायची नाही, तिथूनच मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं.

झटका चालू असतानाचा ईसीजी हा सगळ्यांत मोठा पुरावा. बाईला सांगून ठेवावं की धडधड सुरू झाली की जवळच्या कोणत्याही दवाखान्यात जाऊन लगेच ईसीजीची पट्टी काढून घ्या. तो दवाखाना छोटा असला तरी चालेल. पट्टी हाती आली की तिचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि झेरॉक्सही. तो कागद उष्णतेने छापलेला असतो आणि काही महिन्यांत पुसट होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, माता-बालक कार्डाबरोबर कोंबलेला कोरा पडलेला ईसीजी बघून फार हळहळ वाटते. त्यात तिचं निदान होतं.

औषधांबाबत दोन्ही बाजूंनी चुका होतात. एक म्हणजे "दिवस गेलेत, आता गोळ्या नकोत" म्हणून घरच्यांनी औषध बंद करणं. ठोके आटोक्यात ठेवणारी मेटोप्रोलोल किंवा प्रोप्रानोलोलची गोळी एकदम थांबवली तर ठोके उसळी मारतात. लाँग क्यूटीत तर ही गोळीच संरक्षण असते. रक्त पातळ करायचं वॉरफरिन मात्र सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाला अपाय करू शकतं, म्हणून पाळी चुकताच डॉक्टरांकडे जायचं. तिथे ते बदलून हेपरिनची इंजेक्शनं देतात की आणखी काही ठरतं, हे झडपेवर आणि डोसवर अवलंबून असतं. हेपरिन वारेतून बाळाकडे जात नाही. तालाच्या औषधांपैकी ॲटेनोलोलने बाळाची वाढ मंदावू शकते आणि ॲमिओडारोन बाळाच्या थायरॉइडला त्रास देतं, त्यामुळे शक्यतो त्यांच्या जागी दुसरं औषध शोधतात. हे बदल डॉक्टरांनी करायचे, पण "तुम्ही सध्या कोणत्या गोळ्या घेता, पाकीट दाखवा" हे सिस्टरने विचारल्याशिवाय डॉक्टरांना कळतच नाही.

दुसरी चूक म्हणजे हृदयाचा आजार माहीत नसलेल्या दुसऱ्याच डॉक्टरने दिलेलं साधं औषध. उलट्यांसाठी ऑनडॅनसेट्रॉन, घशासाठी अझिथ्रोमायसिन, बाळंतपणानंतर दूध वाढावं म्हणून डॉम्पेरिडोन: ही तिन्ही औषधं लाँग क्यूटी असलेल्या बाईने तज्ज्ञांना विचारल्याशिवाय घ्यायची नसतात. पोट आवळतंय म्हणून सर्रास दिलं जाणारं आयसोक्सुप्रिन ठोके वाढवतं. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांचंही तसंच. दम्याचा पंप मात्र धडधड होते म्हणून मनाने बंद करू नये, आधी विचारावं.

उलट्या खूप होत असतील तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि कमी पोटॅशियम तालाला घातक. म्हणूनच मी हरतालिकेच्या निर्जळी उपवासाबद्दल स्पष्ट बोलते. हृदयाच्या तालाचा त्रास असलेल्या गरोदर बाईने तो करू नये. सासूबाईंना समजावायचं काम सिस्टरने केलं तर सुनेवर भार राहत नाही, आणि माझा अनुभव असा की नीट सांगितलं तर बहुतेक सासवा आपणहून शहाळं आणून देतात.

मुंबईची बाई, आणि तिच्या पिशवीतला कागद

मुंबईत एकाच बाईचं गरोदरपण चार ठिकाणी विखुरलेलं असतं. नाव महापालिकेच्या प्रसूतिगृहात नोंदवलेलं, सोनोग्राफी खाजगीत, हृदयाची तपासणी केईएम, सायन किंवा नायरमध्ये, आणि सातव्या महिन्यानंतर ती निघाली माहेरी, रत्नागिरीला किंवा साताऱ्याला. या चार ठिकाणच्या माणसांना एकमेकांचा पत्ता नसतो. तिच्याबरोबर फिरतो तो फक्त तिच्या पिशवीतला कागद.

तो कागद नीट हवा. एका पानावर, ठळक अक्षरात: आजाराचं नाव, चालू गोळ्या आणि वेळा, कोणती औषधं द्यायची नाहीत, झटका आला तर आधी काय करायचं, बाळंतपण कुठे करायचं ठरलं आहे, हृदयरोग विभागाचा फोन. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तालाच्या आजारांसाठी बाळंतपणावेळच्या देखरेखीचे कमी, मध्यम आणि जास्त असे तीन स्तर ठरवलेले आहेत. आपली बाई कोणत्या स्तरात येते हे कागदावर एका शब्दात असलं, तरी रात्रपाळीच्या सिस्टरला दिशा मिळते. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून तपासणी होते, २०१६ पासून ही योजना चालू आहे. त्या दिवशी हा कागद पुरा करून घेता येतो.

माहेरी जाण्याबद्दल मी कोणाला सरसकट नाही म्हणत नाही. साधे अवेळी ठोके असलेली बाई खुशाल जावी. झडप आवळलेली, रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू असलेली, किंवा लाँग क्यूटीची बाई मात्र जिथे हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळाचा विभाग एका आवारात किंवा हाकेच्या अंतरावर आहे, तिथेच बाळंत व्हावी. परळमध्ये केईएम आणि वाडिया शेजारी शेजारी आहेत, ही मुंबईची मोठी जमेची बाजू. आईला मुंबईत बोलावून घ्यावं, आईचा हात तर हवाच. पण तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल तर तोच पत्ता आणखी विचार करायला लावतो. हिंदमाताला पाणी तुंबलं की परळला गाडी पोचत नाही. अशा बाईला तारखेच्या काही दिवस आधीच दाखल करून घ्यायची चर्चा आठव्या महिन्यात व्हावी. घरून निघायची वेळ आलीच तर १०८ ला फोन, आणि "गरोदर आहे" याच्या जोडीला "हृदयाचा आजार आहे" हेही सांगायचं.

कळा सुरू झाल्यावर

हृदयाचा त्रास म्हणजे सिझरच, असं घराघरांत मानलं जातं. तसं नाही. तालाचे आजार असलेल्या बहुतेक बायकांसाठी नैसर्गिक बाळंतपणच चांगलं, त्यात रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग कमी. सिझर लागलंच तर ते बहुधा बाळाच्या किंवा प्रसूतीच्या कारणाने. एक ठळक अपवाद म्हणजे वॉरफरिन चालू असतानाच कळा सुरू होणं, कारण तेव्हा बाळाचंही रक्त पातळ झालेलं असतं आणि जन्मताना त्याच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

प्रत्येक कळेबरोबर गर्भपिशवीतलं ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त बाईच्या अंगात ढकललं जातं. त्यावर वेदना आणि भीती, म्हणजे ॲड्रिनलिन. तालाच्या आजारात वेदनाशमन ही चैन नव्हे, ते उपचाराचा भाग आहे. कमरेतून दिलेल्या एपिड्युरलने ठोके आटोक्यात राहतात. हेपरिन घेणाऱ्या बाईला मात्र दाखल होताच पहिला प्रश्न हवा, "शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं?" ती वेळ कळल्याशिवाय भूलतज्ज्ञ कमरेत सुई घालू शकत नाहीत. कमी मात्रेच्या आताच्या इंजेक्शनांनंतर १२ तास आणि पूर्ण मात्रेनंतर २४ तास थांबावं लागतं.

तिला पाठीवर सपाट झोपवू नये. डावी कूस. पाठीवर झोपवलं की जड गर्भपिशवी मोठ्या शिरेवर दाब टाकते, रक्त हृदयाकडे परतत नाही आणि ठोके वाढतात. सलाइन मोजून द्यावं, विशेषतः झडप आवळलेल्या बाईला. "उपाशी आहे, लाव एक बाटली" या सवयीने अशा बाईच्या फुफ्फुसात पाणी भरू शकतं.

आता प्रसविकेच्या हातची एक खास गोष्ट. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. आईला झटका आला तर तिची नाडीही १५०-१६० वर जाते. पोटावर डॉप्लर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, ठेवला आणि १५० ऐकू आले, तर ते बाळाचे की आईचे? मॉनिटरही यात फसतं. म्हणून एक हात डॉप्लरवर आणि दुसरा आईच्या मनगटावर. दोन्ही ताल जुळले तर आपण बाळाला ऐकतच नाही आहोत. भलतीच खात्री बाळगून पुढे गेलो तर बाळाचा त्रास कळायला उशीर होतो.

जोर लावताना श्वास कोंडून, चेहरा लाल होईपर्यंत "लाव, लाव, अजून लाव" असं ओरडणं अशा बाईसाठी बरं नाही. ती श्वास सोडत, थोडा थोडा जोर लावेल आणि गरज पडली तर डॉक्टर व्हॅक्यूम किंवा चिमट्याने मदत करतील. बाळ बाहेर आल्यावर गर्भपिशवी आवळायला ऑक्सिटोसिन द्यायचं, पण शिरेतून एकदम ढकलायचं नाही. एकदम दिलं तर रक्तदाब पडतो आणि नाडी धावते. सावकाश, ठिबकातून. त्याच कामाचं दुसरं औषध, मेथर्जिन, अशा बाईला शक्यतो टाळतात, हे तिच्या पलंगापाशी लिहिलेलं असावं. धावपळीत हात सवयीच्या ॲम्प्यूलकडे जातो.

आणि तिच्याजवळ एक आपलं माणूस असू द्यावं. सरकारी हॉस्पिटलांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला परवानगी देण्याचा निर्णय केंद्राने २०१६ मध्येच घेतला आहे. लेबर रूममध्ये जागा नाही ही अडचण मी रोज बघते. तरी तालाचा आजार असलेल्या बाईच्या बाबतीत मी त्यासाठी भांडते, कारण तिला चक्कर येतेय हे आधी तिच्या आईच्या लक्षात येतं.

सिस्टरांसाठी एक गोष्ट, घडू नये पण माहीत असावी अशी. गरोदर बाईचं हृदय बंद पडलं आणि गर्भपिशवी बेंबीपर्यंत किंवा तिच्या वर पोचलेली असेल, तर छाती दाबणाऱ्याबरोबर दुसऱ्या कोणीतरी गर्भपिशवी हाताने डावीकडे सारून धरायची. त्याशिवाय छाती दाबण्याचा पुरेसा उपयोग होत नाही. चार मिनिटांत हृदय सुरू झालं नाही तर आहे त्या जागीच बाळ बाहेर काढायला घेतात, आईला वाचवण्यासाठीसुद्धा.

बाळ झालं, तरी लक्ष हटवायचं नाही

वार पडल्यावर गर्भपिशवी आवळते आणि तिच्यातलं रक्त एकदम अंगात येतं. झडप आवळलेल्या बाईची फुफ्फुसं याच वेळी भरतात, म्हणून पहिले एक-दोन दिवस तिच्या नाडीवर, श्वासावर आणि लघवीच्या प्रमाणावर डोळा ठेवायचा. पेढे वाटून झाले म्हणून निरीक्षण सैल होतं, आणि नेमका तोच काळ नाजूक असतो.

लाँग क्यूटीत तर बाळंतपणानंतरचे नऊ महिने गरोदरपणापेक्षा जास्त धोक्याचे. झोपमोड, आणि अचानक टाहो फोडणारं बाळ. गोळ्या चालूच ठेवायच्या. रात्री एकदा तरी बाळाला दुसऱ्या कोणी घ्यावं. सव्वा महिना आपल्याकडे बाळंतिणीला एकटं सोडत नाहीत, ही चांगली रीत आहे, ती अशा घरात आणखी काही महिने लांबवावी. शेक-शेगडी मात्र बेताची. बंद खोलीत घामाघूम होऊन पाणी कमी पडलं की ठोके वाढतात. "बाळंतिणीने पाणी कमी प्यावं" हे जिथे अजून पाळतात, तिथे सिस्टरने स्पष्ट नाही म्हणावं. काढे आणि चूर्णं डॉक्टरांना दाखवून.

मेटोप्रोलोल, प्रोप्रानोलोल घेताना अंगावर पाजता येतं. आईने गरोदरपणात या गोळ्या घेतल्या असतील तर बाळाची साखर आणि ठोके पहिले एक-दोन दिवस बघतात. पुढचं मूल लांबवायचं असेल तर तांबी चालते. ज्यांच्यात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आहे त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. एसव्हीटीचे सारखे झटके येत असतील तर विजेची ती जादा वाट नळीतून कायमची बंद करता येते, आणि ते पुढच्या गरोदरपणाच्या आधी करून घेतलेलं बरं. हा सल्ला डिस्चार्जच्या दिवशीच द्यायचा. नंतर बाई बाळात गुंतते आणि हृदयाच्या ओपीडीची तारीख राहून जाते.

लाँग क्यूटीसारखा घराण्यातला दोष आईत असेल, तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता साधारण निम्मी असते. म्हणून बाळाचा ईसीजी काढून घ्यावा, आणि बाळ बघायला मामा-मावशी येतीलच, त्यांनाही आपापला ईसीजी काढून घ्यायला सांगावं.